बदलापूरला राहायला यावं का? घर घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २०१० पासून बदलापुरात राहते. त्याआधी परळला चाळीतल्या एका खोलीत आम्ही पाच जण होतो : सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. माझं ऑफिस आधी घाटकोपरला होतं, गेली आठ वर्षं फोर्टला आहे. दर दोन-तीन महिन्यांनी नात्यातलं नाहीतर ऑफिसातलं कोणीतरी विचारतं, "बदलापूरला फ्लॅट बघतोय, घेऊ का?" प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांना जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

बदलापूर मुंबईपासून नेमकं किती लांब आहे?

सीएसएमटीपासून रेल्वेने साधारण ६८ किलोमीटर. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. आपण कर्जतच्या फाट्यावर : कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.

पण किलोमीटर मोजून काही कळत नाही, वेळ मोजायला हवा. फास्ट गाडीने ठाणं पाऊण तास, घाटकोपर तास-सव्वा तास, दादर त्याच्याही पुढे, आणि सीएसएमटी दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं. हे गाडी वेळेवर असेल तर. स्लो गाडी धरलीत तर दोन तासांच्या आसपास धरा.

म्हणजे रोज घरातून निघून घरी येईपर्यंत किती वेळ जातो?

इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. लोक फक्त गाडीतला वेळ धरतात. माझा दिवस सांगते : घरातून स्टेशनला रिक्षाने पंधरा मिनिटं, फलाटावर पाच, गाडीत पंचाण्णव, उतरून चालत ऑफिसला पंधरा. झाले दोन तास दहा मिनिटं. जाऊन-येऊन चार तास वीस. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ९५ तास. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर १,०८० च्या वर तास, म्हणजे रात्रंदिवस धरून ४५ दिवस. दर वर्षी दीड महिना मी लोकलमध्ये आणि लोकलपाशी असते.

हेच ऑफिस ठाण्याला असतं तर जाऊन-येऊन दोन तास चाळीस मिनिटांत भागलं असतं. घाटकोपरला होतं तेव्हा संध्याकाळी साडेसातला घरी यायचे आणि मुलीचा अभ्यास घ्यायचे. फोर्टला बदली झाल्यावर ते सुटलं. म्हणून मी सगळ्यात आधी "घर कुठे बघताय" हे विचारत नाही, "ऑफिस कुठे आहे आणि ते तिथेच राहणार आहे का" हे विचारते.

मग स्वस्त घराचा फायदा उरतो तरी का?

उरतो, आणि तो खराच आहे. कागद-पेन घेऊन बसा. दहा लाखांच्या गृहकर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिना साधारण ८,७०० रुपये हप्ता बसतो. समजा, ठाण्यातलं घर आणि बदलापुरातलं तेवढंच घर यांत तीस लाखांचा फरक आहे. म्हणजे दरमहा २६,००० रुपये वाचले. आता वेळ बघा. ऑफिस सीएसएमटीला असेल तर ठाण्याहून जाणाऱ्यापेक्षा आपला रोज दीड तास जास्त जातो, महिन्याला ३३ तास. म्हणजे जास्तीच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ आठशे रुपये वाचले. घरातले दोघं मुंबईला जात असतील तर ६६ तास, म्हणजे तासामागे चारशे.

एका कमावत्या माणसाच्या घरात हा हिशोब सरळ बदलापूरच्या बाजूने जातो, आमचाही तसाच गेला होता. दोघं जाणार असाल तर थांबून विचार करा. आणि हिशोबात न मावणारी एक गोष्ट आहे. ३३ तास घरात बसून गेले तर थकवा येत नाही, लोकलमध्ये उभं राहून गेले तर येतो. चाळिशीनंतर तो वाढतो. गुडघे आणि कंबर यांचा खर्च बँकेचा माणूस हप्त्यात धरत नाही.

गाडीत बसायला मिळतं का?

बदलापूरहून सुटणारी गाडी असेल तर सकाळी मिळतं, कर्जत किंवा खोपोलीहून येणारी असेल तर विसरा. ती वांगणी, नेरळलाच भरून येते. म्हणून इथे आल्यावर पहिलं काम हे की बदलापूर लोकलच्या वेळा पाठ करायच्या आणि त्यातल्या एकीला आपली गाडी म्हणायचं. गाडी ठरली की डबा ठरतो, डबा ठरला की माणसं ठरतात.

सुटणाऱ्या गाडीतही एक गोष्ट लक्षात ठेवा. जी गाडी मुंबईहून येते तीच परत फिरते, आणि अंबरनाथची काही मंडळी सीटसाठी तिच्यातून उलटी बदलापूरला येतात. गाडी फलाटाला लागते तेव्हा आतल्या अर्ध्या सीटांवर माणसं बसलेली असतात. यावरून भांडणं होतात. मला दोन्ही बाजू कळतात. अंबरनाथला चढणाऱ्या बाईला उभ्याने दीड तास काढायचा असतो, आणि बदलापूरची बाई वीस मिनिटं आधी येऊन रांगेत उभी असते.

परतीचा प्रवास जास्त कठीण. सीएसएमटीला चढलात तर बसायला मिळण्याची शक्यता आहे, मात्र गाडी फलाटाला लागताना आत शिरता आलं पाहिजे. भायखळा, दादर, कुर्ला इथून चढणाऱ्याने उभं राहायची तयारी ठेवायची. लेडीज डब्यात आम्ही सीट सांगून ठेवतो. चढल्या चढल्या विचारायचं, "तुम्ही कुठे उतरणार?" ठाण्याची बाई भेटली की ती सीट आपली. आपल्या आधी कुणी सांगून ठेवली असेल तर ती तसं सांगते, मग पुढच्या बाईला विचारायचं. तिसऱ्या-चौथ्या विचारण्यात डोंबिवली किंवा कल्याण मिळतं. कल्याणला मिळालेल्या सीटवर वीस मिनिटंच बसता येतं, पण दिवसभर उभं राहिलेल्या पायांना तेवढंही खूप वाटतं.

दारात लटकून जाऊ नका. "आज उशीर झालाय, एकच दिवस" असंही करू नका. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकलच्या दारांतली माणसं रुळांवर पडली आणि त्यात जीव गेले. आमच्या डब्यात त्या दिवशी कल्याणपर्यंत कोणी बोललं नाही. नवीन घर घेतलेल्या तरुण पोरांना मी हात जोडून सांगते : गाडी सोडा, हाफ डे लागू दे.

एसी लोकल किंवा फर्स्ट क्लासने त्रास कमी होतो का?

थोडा होतो. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत येतो, फर्स्ट क्लासला कित्येक पट पडतात, एसीला त्याहून जास्त. तिमाही पास काढला तर थोडा फायदा होतो. पण कल्याणच्या पुढे मुळात गाड्याच कमी आहेत, त्यामुळे एक साधी गाडी एसी झाली की साध्या पासवाल्यांची पुढच्या गाडीत चेंगराचेंगरी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरच्या प्रवाशांनी यावरून आंदोलन केलं होतं आणि मध्य रेल्वेला काही एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या होत्या. एसीच्या भरवशावर घर घेऊ नका. ती मिळाली तर चांगलं.

तिसरी-चौथी लाइन, मेट्रो, नवा हायवे... हे सगळं झाल्यावर प्रश्न सुटेल ना?

हे प्रश्न बिल्डरच्या साइट ऑफिसातून येतात, म्हणून एकेक सांगते.

तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेने सगळ्यात जास्त फरक पडेल. आज कल्याण ते कर्जत दोनच रूळ आहेत. त्यांच्यावरून लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या सगळंच जातं. एखादी एक्सप्रेस उशिरा आली की तिला पुढे काढतात आणि लोकल सिग्नलला उभी राहते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम एमयूटीपी ३ए या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात मंजूर आहे आणि चालू आहे. त्याच कामात अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशनही आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तिची आम्ही किती वर्षं वाट पाहिली हे इथल्या जुन्या माणसाला विचारा.

मेट्रो १४, म्हणजे कांजूरमार्ग ते बदलापूर, आराखड्यात आहे. जाहिरातीत मात्र ती स्टेशनसकट दिसते. वडोदऱ्याकडून येणारा महामार्ग बदलापूरजवळून, माथेरानच्या डोंगराखालच्या बोगद्यातून पनवेलकडे जातो. नवी मुंबईचं विमानतळ, तळोजा, पनवेल या बाजूला ज्यांची कामं आहेत त्यांना त्याचा उपयोग होईल. फोर्टला जाणाऱ्या माणसाला काही नाही.

माझा नियम असा : जे आज चालू आहे त्यावर घर घ्यायचं. जे होणार आहे ते होईल तेव्हा आपलं.

पूर्व की पश्चिम?

कुळगाव पूर्वेला, मूळ बदलापूर गाव पश्चिमेला, म्हणून नगरपरिषदेचं नाव कुळगाव-बदलापूर. पूर्वेला कात्रप, शिरगाव. पश्चिमेला मांजर्ली, बेलवली, हेंद्रेपाडा, पुढे सोनिवली. पूर्वेला बाजार आणि जुनी वस्ती जास्त, पश्चिमेला मोकळे रस्ते आणि नदी. दोन्हीकडची माणसं आपलीच बाजू चांगली म्हणतात.

खरा मुद्दा स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचा आहे. इथे शेअर रिक्षा चालते. सीटा भरल्या की निघते, आणि संध्याकाळी गाडी आली की स्टँडवर रांग लागते. "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं जाहिरातीत असेल तर संध्याकाळी साडेसातला स्वतः रांगेत उभं राहून बघा. चालत पंधरा मिनिटांच्या आत घर मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. माझा हा एक सल्ला ऐकून कोणी पस्तावलेलं नाही.

पावसाळ्यात पाणी भरतं का?

भरतं. सगळीकडे नाही, पण जिथे भरतं तिथे घरात येतं.

उल्हास नदी लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ करत बदलापूरच्या पश्चिमेला येते. त्यामुळे बदलापुरात पाऊस थांबलेला असतो आणि वर घाटात कोसळत असतो, अशा वेळीही इथे पाणी वाढतं. नव्याने आलेल्यांना हे माहीत नसतं. ते आकाश बघतात, जुनी माणसं बॅरेजकडे, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याकडे बघतात.

२७ जुलै २०१९ चा शनिवार मला आठवतो. आदल्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. हजाराच्या वर माणसं, सगळ्यांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी बाहेर काढलं. टीव्हीवर ती गाडी दिसत होती, त्याच वेळी आम्ही मात्र आमच्या जिन्यात होतो. तेव्हा आम्ही पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. पहाटे पाचला तळमजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या घरात घोट्यापर्यंत पाणी होतं. आम्ही साखळी करून सामान वर आणलं : आधी सिलिंडर, मग तांदळाचा डबा, मग कागदपत्रांची पेटी, मग त्यांच्या मुलाची दहावीची पुस्तकं. फ्रिज आणता आला नाही. सातला पाणी कमरेला लागलं. दुपारी ओसरलं तेव्हा खाली सगळीकडे तपकिरी चिखल होता आणि त्याला डिझेलचा वास येत होता. जिन्याखालच्या टपालपेट्यांवर पाण्याची रेघ उमटली होती. तळमजल्याच्या पेट्या बुडाल्या होत्या, पहिल्या मजल्याच्या निम्म्या. पुढे सोसायटीने रंग काढला, तरी नीट बघितलं तर ती रेघ दिसते.

म्हणून घर बघताना काय करायचं? पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात : निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बिल्डरकडे पूररेषेचा नकाशा मागा, नगरपरिषदेत जाऊन पडताळा. त्याहून सोपं म्हणजे शेजारच्या जुन्या इमारतीच्या वॉचमनला, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "२००५ ला, २०१९ ला, २०२१ ला इथे कुठपर्यंत आलं होतं?" तो हाताने दाखवेल. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोडच्या आसपास बघत असाल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. मधल्या मजल्यावर घर घेतलं तरी तुमची गाडी, मीटर रूम आणि पाण्याचा पंप खालीच असतात हे विसरू नका.

पिण्याचं पाणी आणि वीज?

बदलापूरच्या शेजारीच बारवी धरण आहे, म्हणून इथे पाणी भरपूर असेल असं लोकांना वाटतं. बारवी एमआयडीसीचं, त्यातून कारखान्यांना आणि आसपासच्या मोठ्या शहरांना पाणी जातं. आपल्याकडे जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून उचलून शुद्ध केलेलं पाणी देतं. उन्हाळ्यात दाब कमी होतो, उंचावरच्या आणि टोकाच्या सोसायट्यांत टँकर येतो. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशोबात एप्रिल-मेचं टँकरचं बिल किती आहे ते बघा. एजंट "चोवीस तास पाणी" म्हणतो तेव्हा त्यात बोअरवेलचं पाणी धरलेलं असतं.

वीज महावितरणची. वादळी पावसात जाते, कधी कधी तासन् तास. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टरचा खर्च घराच्या किमतीतच धरावा.

कारखान्यांचा वास येतो म्हणतात, खरं आहे?

पूर्वेला खरवई-माणकिवलीच्या बाजूला रासायनिक कारखाने आहेत, अंबरनाथलाही आहेत. काही रात्री उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. घर त्या बाजूला बघत असाल तर रात्री दहानंतर एकदा जाऊन गच्चीत उभं राहा. दम्याचा त्रास असणारं घरात कोणी असेल तर तिकडे घेऊच नका.

रात्री-बेरात्री दवाखान्याची वेळ आली तर?

सर्दी-तापापासून बाळंतपणापर्यंत सगळं इथे होतं, डॉक्टर चांगले आहेत. मोठ्या आजारात अडचण येते. सासऱ्यांना रात्री अडीच वाजता छातीत दुखायला लागलं, जवळच्या रुग्णालयाने आयसीयूत जागा नाही म्हणून कल्याणला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका शोधण्यात वीस मिनिटं आणि रस्त्यात पाऊण तास गेला. ते वाचले, पण त्या पाऊण तासात मी परळचं घर सोडल्याचा पहिल्यांदा पश्चात्ताप केला. तिथे केईएम रुग्णालय चालत जाण्याइतकं जवळ होतं. सरकारी मोठं रुग्णालय हवं तर उल्हासनगरचं मध्यवर्ती, तिथून पुढे ठाणं-मुंबई. घरात हृदयरोगी, डायलिसिसचा किंवा केमोचा पेशंट असेल तर इथे येण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. त्याला आठवड्यातून तीन वेळा लोकलने नेणं शक्य नाही.

मुलांच्या शाळा कशा आहेत?

मराठी, इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या भरपूर आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत लहान मुलींवर जे झालं आणि त्यानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. तेव्हापासून पालक प्रवेश घेताना सीसीटीव्ही, महिला कर्मचारी, स्वच्छतागृहापर्यंत मुलांसोबत कोण जातं हे सगळं विचारतात. तुम्हीही विचारा. कोणती शाळा याचा राग मानत असेल तर दुसरी बघा. अकरावीनंतर पुष्कळ मुलं उल्हासनगर, कल्याण, ठाण्याला जातात, म्हणजे तुमच्यासोबत त्यांचाही पास काढावा लागतो.

मी तर दिवसभर मुंबईत, पण घरी राहणाऱ्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवसाचे चौदा तास घराबाहेर असणाऱ्या माणसासाठी बदलापूर म्हणजे झोपायची जागा. घर खरं वापरतात ते मागे राहणारे.

सासूबाई परळ सोडताना रडल्या होत्या. चाळीत दार उघडं असायचं, समोरच्या घरातली आमटीची फोडणी इकडे कळायची. इथे आल्यावर दार बंद, खिडकीतून समोर नुसती शेतं. पहिलं वर्ष त्या संध्याकाळी सहापासून गॅलरीत उभ्या असायच्या, मी साडेसातला येईपर्यंत. मग पलीकडच्या विंगमध्ये लालबागच्या एक आजी सापडल्या. दोघींनी मिळून हरिपाठ सुरू केला, आता चौदा-पंधरा जणी जमतात. जूनमध्ये आदिवासी बायका पानांच्या द्रोणातून जांभळं घेऊन स्टेशनबाहेर बसतात. बदलापूरच्या जांभळांची ख्याती आहेच. सासूबाई घासाघीस न करता घेतात आणि नातीची जीभ जांभळी झालेली बघून खूश होतात. आज त्यांना परळला परत चला म्हटलं तर त्या यायच्या नाहीत.

पण हे आपोआप झालं नाही, दोन वर्षं लागली. तेव्हा घर बघायला जाताना घरी राहणाऱ्या माणसाला सोबत न्या. त्यांना चालत जाता येईल असं देऊळ, बाग, वाचनालय, भाजीबाजार आहे का बघा. लिफ्ट बंद पडली तर त्यांना कोणत्या मजल्यापर्यंत चढता येईल हेही.

नवीन बांधकामात घ्यावं की जुनं?

नवीन असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की किती काम झालं, ताबा कधी देणार, खटले किती हे सगळं दिसतं. क्षेत्रफळ कार्पेटच, म्हणजे घराच्या आतलं वापरायचंच विचारा. जुनं असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का ते बघा. ओसी "येतच आहे" असं सांगितलं तर ती आल्यावर या म्हणायचं. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये, आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

वांगणी-नेरळच्या बाजूला गुंठ्यांचे प्लॉट विकायला येतात. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अशी घेता येत नाही. एनए (बिगरशेती) आदेश आणि सातबारा वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आधी भाड्याने राहून बघावं का?

हो. माझं यावर ठाम मत आहे. अकरा महिन्यांचा करार करा आणि तो मेमध्ये सुरू करा. पहिल्याच महिन्यात पाण्याची टंचाई दिसते, जून ते सप्टेंबर पूर, उशिरा येणाऱ्या गाड्या आणि गेलेली वीज दिसते, आणि तोवर तुमचा पासही दोन-तीनदा नवा झालेला असतो. हिवाळ्यात रविवारी घर बघायला आलेल्या माणसाला बदलापूर फार सुंदर दिसतं : समोर डोंगर, गार हवा, रिकामी गाडी. खरंच सुंदर आहे. पण तो एकच बदलापूर बघून जातो.

भाड्याचे महिना दहा-बारा हजार वाया जातात असं वाटतं. वीस वर्षांच्या कर्जापुढे ती रक्कम काहीच नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाने असंच केलं, सप्टेंबरमध्ये येऊन म्हणाला, "ताई, आमचं नाही जमणार," आणि कळव्याला छोटं घर घेतलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

अंबरनाथ, वांगणी, कर्जत, विरार, पनवेल... यांचं काय?

अंबरनाथ आठ किलोमीटर अलीकडे, गाड्या जास्त, वस्ती जुनी. शिलाहारांनी अकराव्या शतकात बांधलेलं शिवमंदिर तिथेच आहे. पैसे थोडे जास्त लागतात. वांगणी, नेरळ आणखी स्वस्त, पण तिथून फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या. एक चुकली की पुढचीला बराच वेळ. रोज मुंबईला जाणाऱ्याला मी तिथे घ्यायला सांगणार नाही. कर्जत सीएसएमटीपासून शंभर किलोमीटर आहे, ते निवृत्तांसाठी किंवा आठवड्यातून एक-दोनदा जाणाऱ्यांसाठी.

विरार पश्चिम रेल्वेवर आहे. ऑफिस अंधेरी-वांद्र्याला असेल तर तिकडेच बघा. बदलापूरहून अंधेरीला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि घाटकोपरच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी एकदा बघून या. पनवेल हार्बरवर, सगळ्या गाड्या स्लो, पण नवी मुंबईत नोकरी असेल तर तेच सोयीचं.

शेवटची गाडी चुकली तर?

सीएसएमटीहून आपल्याकडची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास असते. वेळापत्रक बदलतं, म्हणून एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघून घ्या आणि रविवारी मेगाब्लॉकही बघा. चुकली तर ठाण्यापर्यंत किंवा कल्याणपर्यंत जे मिळेल ते पकडा, पुढे रिक्षा किंवा टॅक्सी. एकट्याने परवडत नाही. कल्याणला पश्चिमेच्या रिक्षा स्टँडवर थांबून "बदलापूर, बदलापूर" म्हणून विचारायचं, पाच-दहा मिनिटांत दोघं-तिघं मिळतात, भाडं वाटून घ्यायचं. मी एकदा अशीच आले, सोबत एक हॉटेलातला आचारी आणि नाइट शिफ्टची एक नर्स. नर्सने मला दारापर्यंत सोडलं आणि मी वर जाऊन गॅलरीतला दिवा लावेपर्यंत रिक्षा खाली थांबवून ठेवली.